'लागतोय ना ब्रेक? मग झालं!'

मित्राकडून गाडीची चावी घेताना चावीबरोबर आणखी काय मिळतं? एक छोटंसं भाषण. 'हॉर्न लागत नाही. साईड स्टँड ढिला आहे, लावताना बघून लाव. रिझर्व्हला आहे, पेट्रोल टाक. आणि हां, पुढचा ब्रेक जरा कमी लागतो, मागचाच मार.' आपण 'हो रे, माहितीये' म्हणतो आणि निघतो. हे भाषण तुम्ही ऐकलेलं असणार. गाडी तुमची असेल तर दिलेलंही असणार.

आता त्या चार गोष्टी परत वाचा. हॉर्न नसेल तर ओरडता येतं. स्टँड सटकला तर आरसा फुटतो. पेट्रोल संपलं तर ढकलत न्यावी लागते आणि ग्रुपवर आठवडाभर मीम्स फिरतात. चौथी गोष्ट या यादीत बसणारी नाहीच. तरीही आपण ती त्याच सुरात सांगतो आणि त्याच सुरात ऐकतो. माझं भांडण या सुराशी आहे.

कॉलेजच्या पार्किंगमध्ये नव्या कोऱ्या गाड्या किती असतात? काकांनी वापरून झालेली, दादाला नोकरी लागल्यावर आपल्याकडे आलेली, पास आउट झालेल्या सीनियरने गावी जाताना विकलेली, अशाच जास्त. त्यात वाईट काही नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्या पोराला सव्वा-दीड लाखाची नवी गाडी कुठून परवडणार? पण जुनी गाडी बघायला आपण जातो तेव्हा बघतो काय? पिकअप. ॲव्हरेज. टाकीवर ओरखडे आहेत का. सायलेन्सरचा 'आवाज कसाय'. टेस्ट राईड म्हणजे गल्लीच्या टोकापर्यंत सेकंड गिअरमध्ये जाऊन परत. तेवढ्यात ब्रेक एकदा हलकेच दाबलेला असतो आणि गाडी थांबलेली असते. वीसच्या स्पीडला पायाने घासतही थांबते हो. 'लागतोय ना ब्रेक? मग झालं!' म्हणत आपण ॲडव्हान्स देतो.

आणि घेतल्यावर पहिला खर्च? सीट कव्हर, मोबाईल होल्डर, नंबर प्लेटच्या वर एखादं वाक्य. ज्याच्याकडे जरा जास्त पैसे आहेत तो सायलेन्सर बदलतो, म्हणजे पोलिसांनी पकडून रोलरखाली चिरडायला एक नग तयार.

मीही हेच केलं, म्हणून बोलतोय. सेकंड इयरला असताना एका सीनियरकडून अडतीस हजारांना दीडशे सीसीची गाडी घेतली. आठ वर्षं जुनी, माझ्याआधी दोन मालक. पुढे डिस्क, मागे ड्रम. पहिल्या महिन्यात तिच्यावर चार हजार घातले, त्यातला ब्रेकवर एक रुपयाही नव्हता. दिवाळीच्या सुमारास पुढच्या चाकातून ब्रेक मारताना बारीक चीं-चीं यायला लागली. मग काही दिवसांनी ती आपोआप थांबली आणि तिच्या जागी खरखर आली. 'धूळ गेली असेल' असं मीच स्वतःला सांगितलं. शिवाय हेल्मेटमध्ये इअरफोन. खरखर ऐकू येईल कशी?

जानेवारीतल्या एका रविवारी सिंहगडला गेलो. मागे माझा रूममेट. वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, फोटो, सगळं झालं. उतरताना मी शहाणपणा केला, पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकली. गोळेवाडीच्या नाक्यापर्यंत घाटभर वळणं आणि उतार, त्यामुळे ब्रेक जवळजवळ सतत दाबलेलाच. निम्म्या घाटात काहीतरी जळल्यासारखा वास आला. पुढच्या एका वळणावर समोरून जीप आली. मी पुढचं लिव्हर ओढलं आणि ते थेट हँडलच्या मुठीला जाऊन टेकलं. हाताला काहीच लागलं नाही, ओला स्पंज दाबल्यासारखं. मागचा ब्रेक दाबला तर चाक घसरायला लागलं. गाडी न्यूट्रलला, त्यामुळे इंजिनचा उपयोग शून्य. मी डोंगराकडच्या चरात गाडी घातली. दुसरीकडे दरी होती, तेव्हा निवड फारशी नव्हती.

मला खरचटलं. रूममेटचं उजवं मनगट मोडलं. त्याच्या प्रॅक्टिकल्स पुढच्या महिन्यात होत्या. त्या त्याने प्लास्टर घातलेल्या हाताने, जर्नल दुसऱ्याकडून लिहून घेऊन दिल्या. त्याची आई गावाहून आली तेव्हा मला एक शब्दही बोलली नाही. उलट 'तुला फार लागलं नाही ना बाळा' असंच विचारलं. त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मला आजही कळलेलं नाही.

गॅरेजवाल्या काकांनी कॅलिपर खोलला. आतल्या बाजूच्या पॅडवर घर्षणाचा थर नावालाही उरला नव्हता. मागची लोखंडी पट्टीच डिस्कवर घासत होती, डिस्कवर बोटाला लागतील अशा चऱ्या. बाहेरच्या पॅडवर मात्र अजून बऱ्यापैकी थर होता. ब्रेक ऑइल चहासारखं काळपट. काकांनी एवढंच विचारलं, 'आवाज कधीपासून येत होता?' मी म्हटलं, 'दिवाळीपासून.' त्यांनी हातातला पॅड माझ्या हातावर ठेवला आणि दुसऱ्या गाडीकडे गेले.

त्या दिवसापासून मला 'ब्रेक फेल झाला' या वाक्याचा राग येतो. जणू तो अचानक, कुणाच्या तरी शापाने बंद पडला. ब्रेक असा क्वचितच जातो. बहुतेक वेळा तो आधी महिनोन्‌महिने सांगत असतो. त्याची भाषा आपल्याला येत नाही, कारण ती कुणी शिकवलेलीच नसते. लायसन्सच्या परीक्षेत आठचा आकडा काढून दाखवला की झालं.

तेव्हा ती भाषा थोडी समजून घेऊ. कंटाळू नका, इंजिनीअरिंगचं लेक्चर नाही हे. डिस्क ब्रेकमध्ये तुम्ही लिव्हर ओढता तेव्हा हँडलवरच्या छोट्या डबीतलं, म्हणजे मास्टर सिलिंडरमधलं, ब्रेक ऑइल नळीतून खाली ढकललं जातं. ते कॅलिपरमधल्या पिस्टनला रेटतं, पिस्टन पॅडला आणि पॅड डिस्कला. पॅड झिजत जातो तसा पिस्टन थोडा थोडा पुढे येऊन बसतो आणि ती जागा भरायला डबीतलं ऑइल खाली उतरतं. गंमत इथेच आहे. झीज आपोआप भरून निघत असल्यामुळे लिव्हर हाताला पहिल्यासारखंच लागतं. पॅड नवा असताना जसं, तसंच तो संपत आल्यावरही. 'लागतोय ना ब्रेक?' या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या दिवसापर्यंत 'हो' असंच येतं. म्हणून तो प्रश्नच चुकीचा आहे. बरोबर प्रश्न आहे, 'पॅड किती उरलाय?'

त्यात आपण आणखी एक घोळ घालतो. डबीतलं ऑइल कमी दिसलं की वरून ओततो, झाकण लावतो आणि खूश होतो. पण ऑइल खाली गेलं याचा अर्थ एक तर पॅड झिजलेत, नाहीतर कुठेतरी गळती आहे. दोन्ही वेळा ते काहीतरी सांगत होतं आणि आपण त्याच्या तोंडात बोळा कोंबला.

मागचा ड्रम ब्रेक त्या मानाने मोकळ्या स्वभावाचा. त्यातले लायनर झिजले की पॅडल जास्त खाली जायला लागतं. मग मेकॅनिक मागचा नट दोन आटे फिरवतो आणि 'टाईट करून दिला' म्हणतो. ठीक आहे, पण टाईट करायलाही अंत असतो. बऱ्याच गाड्यांना ड्रमच्या बाहेर एक छोटा बाण आणि खूण असते. ब्रेक दाबल्यावर बाण खुणेपर्यंत गेला की टाईट करणं संपलं, लायनर बदलायचे. हा बाण बहुतेकांनी कधी पाहिलेलाच नसतो, कारण त्याच्यावर चार पावसाळ्यांचा चिखल असतो. आणि डिस्क ब्रेक असा 'टाईट' होतच नाही. कुणी 'पुढचा डिस्क टाईट करून देतो' म्हणालं तर चावी खिशात घाला आणि दुसरं गॅरेज शोधा.

माझा एकच पॅड का संपला? आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांचा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो, म्हणजे दोन्ही पॅड सारखे दाबले जातात. पावसाळ्यातलं पाणी, चिखल आणि वर्षानुवर्षं ग्रीस न मिळाल्याने या पिना जाम होतात. मग सगळा भार एकाच पॅडवर. बाहेरून बघितलं तर 'अजून आहे की माल' असं वाटतं आणि आतला पॅड खलास झालेला असतो.

आणि लिव्हर मुठीला का टेकलं? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की तो १५५ अंशांपर्यंत खाली आलेला चालतो असं मानक आहे. म्हणजे जुन्या ऑइलची उष्णता सोसायची ताकद बरीच कमी झालेली असते. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला, त्यात थर संपलेला, लोखंडावर लोखंड घासतंय, की ती उष्णता थेट ऑइलपर्यंत जाते. ऑइल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दबत नाही, वाफ दबते. तुम्ही लिव्हर ओढता आणि फक्त बुडबुडे दाबले जातात. म्हणून बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला म्हणतात. माझ्या गाडीत ते बहुधा पहिल्या मालकाच्या काळातलं होतं.

ही जबाबदारी कुणाची, यावरही बोलायला हवं. जुनी गाडी घेतली की फॉर्म २९, फॉर्म ३०, विमा आणि पीयूसी लागतं. आरसी बुकवर आपलं नाव येतं तेव्हा भारी वाटतं. या सगळ्या प्रवासात त्या गाडीचा ब्रेक कोण बघतं? कुणीच नाही. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि तोपर्यंत रिक्षा-ट्रकसारखी तिला फिटनेसची तपासणी नसते. पीयूसीत सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात. गाडी किती धूर सोडते हे सरकारला ठरावीक काळाने कळतं, पण ती थांबते का, हे १५ वर्षं कुणी विचारत नाही. माझं मत स्पष्ट आहे. मालकी बदलताना तरी ब्रेक, टायर आणि दिव्यांची तपासणी सक्तीची हवी. तोपर्यंत विकणाऱ्याचं काही जात नाही आणि आरटीओचंही नाही. उरतो तो घेणारा, आणि त्याच्यामागे बसणारा.

या मागे बसणाऱ्याचा विचार तर आपण करतच नाही. देशात २०२२ मध्ये रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती, हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालातले आकडे आहेत. यातले सगळे ब्रेकमुळे गेले असं मी म्हणत नाही. वेग, दारू, हेल्मेट, खड्डे, कारणं कितीतरी. पण हिशोब करून बघा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. समोर कुत्रं आलं, तुम्ही दचकलात आणि बोटं लिव्हरवर पोहोचली, तोवर एक सेकंद, म्हणजे १७ मीटर गेलेच. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने गाडी साधारण पंचवीसएक मीटरमध्ये थांबते. ब्रेकची ताकद निम्मी झाली की ते अंतर दुप्पट, म्हणजे पन्नास मीटर. जास्तीच्या त्या पंचवीस मीटरमध्ये एक अख्खी पीएमटी मावते आणि वर जागा उरते.

'एबीएस आहे रे माझ्या गाडीला' हेही ऐकू येतं. १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस १ एप्रिल २०१९ पासून सक्तीचं झालं. तुमची सेकंडहँड गाडी त्याआधीची असेल तर तिला ते बहुधा नसेलच. आणि असलं तरी एबीएस चाक जाम होऊ देत नाही, एवढंच. संपलेल्या पॅडला ते नवा पॅड लावून देत नाही.

मग करायचं काय? गाडी बघायला जाताना मोबाईलचा टॉर्च घेऊन जा, बस. पुढच्या चाकाजवळ बसा आणि कॅलिपरच्या फटीत उजेड पाडा. दोन्ही पॅड दिसले पाहिजेत, आतलाही. पॅडवर सहसा एक खाच असते. ती घासून गेली असेल तर पॅड संपलेत, आणि थर दोन मिलीमीटरच्या आसपास आला असेल तरी बदलायचेच आहेत असं धरून चाला. गाडी थंड असताना डिस्कवरून नख फिरवा, कडेला उंचवटा किंवा चऱ्या लागल्या तर डिस्कचाही खर्च आहे. डबीच्या काचेतून ऑइल बघा. फिकट मधासारखं हवं, चहासारखं नको. मग लिव्हर घट्ट दाबून तसंच धरून ठेवा. अर्ध्या मिनिटात ते हळूहळू मुठीकडे सरकलं तर आतलं सील गेलंय किंवा कुठेतरी गळतंय. विकणारा 'काय सीआयडी आहेस का' म्हणेल. म्हणू दे. त्या खर्चाएवढी किंमत कमी करून मागा, द्यावीच लागते.

खर्च तरी किती? साध्या १२५-१५० सीसी गाडीचे पुढचे पॅड तीन-चारशेत येतात, ऑइल शंभर-दीडशेत, लायनर तीनशेच्या आसपास आणि वर मजुरी. सगळं मिळून हजाराच्या आत-बाहेर. एका पार्टीत 'कॉन्ट्री' किती जाते? पार्ट मात्र बघून घ्या. नाना पेठेत सगळं मिळतं, अस्सल मिळतं आणि अस्सलसारखं दिसणारंही मिळतं. शंभर रुपये वाचवायची ही जागा नाही. नवे पॅड टाकल्यावर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जरा सांभाळून, त्यांना डिस्कवर बसायला वेळ लागतो.

आणि एक विनंती, वॉशिंगवाल्याला गाडी चकचकीत करायला देताना डिस्कवर पॉलिश किंवा ऑइलचा फवारा मारू देऊ नका. चेनला स्प्रे मारतानाही मागच्या चाकाकडे लक्ष ठेवा. तेल प्यायलेला पॅड कितीही नवा असला तरी कचऱ्यातच जातो.

'पुढचा ब्रेक मारला की तोंडावर पडतो' हे आपल्याला सायकल चालवतानाच शिकवलेलं असतं. गाडी थांबताना भार पुढे येतो, म्हणून खरं काम पुढचाच ब्रेक करतो, निम्म्याहून कितीतरी जास्त. तोंडावर पडतो तो सरळ मारल्याने नाही, तर वळणात किंवा वाळूवर झटक्याने मारल्याने. रविवारी सकाळी एखादं मोकळं ग्राउंड गाठा. वीस, तीस, चाळीसच्या वेगाने येऊन दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू जोर वाढवत दाबून बघा. आपली गाडी किती अंतरात थांबते हे आपल्याला माहीतच नसतं. ॲव्हरेज मात्र पॉइंटपर्यंत पाठ असतं.

घाटात न्यूट्रल नको आणि बंद गाडी तर अजिबात नको. चढताना जो गिअर लागला साधारण तोच उतरताना ठेवा, इंजिन गाडीला धरून ठेवतं. स्कूटरवाल्यांनो आणि वाल्यांनींनो, तुमच्या गाडीला ही सोय जवळपास नाहीच, सगळा भार ब्रेकवर. तेव्हा वेग आधीच कमी ठेवा आणि ब्रेक तापल्याचा वास आला की दहा-पंधरा मिनिटं थांबा. चहा घ्या. फोटो काढा, एरवी काढताच.

परवा एका ज्युनियरने मला त्याची चावी दिली. झेरॉक्सला जायचं होतं, पाच मिनिटांचं काम. 'दादा, पुढचा जरा कमी लागतो, मागचाच मारा.' मी टॉर्च लावून बघितलं आणि त्याला म्हटलं, चल, तूही ये. गाडी ढकलत आम्ही गेटसमोरच्या गॅरेजवर नेली. पाऊण तास गेला आणि मजुरी धरून सातशे वीस रुपये बिल झालं. चारशे त्याच्याकडे होते, उरलेले मी घातले. झेरॉक्सचं दुकान तोवर जेवायला बंद झालं होतं.